गेटाचं उजवं दार

आमच्या धंद्यात एक पुस्तक असतं. कुठल्याही ग्रिलवाल्याच्या दुकानात जा, मिळेल. कोपरे काळे झालेले, पानांवर ग्रीसचे अंगठे. आत खिडक्यांची ग्रिलं, गेटं, जिन्याचे कठडे, सगळ्यांची चित्रं आणि प्रत्येक चित्राखाली नंबर. गिऱ्हाईक येतं, पानं उलटतं, एका चित्रावर बोट ठेवतं आणि म्हणतं, हा एकशे बारा द्या. आपण एकशे बारा देतो. मग त्याचा शेजारी येतो, त्यालाही एकशे बाराच हवा, फक्त रंग दुसरा. मी निम्मा जन्म हेच केलं आणि त्यात मला काही कमी वाटलं नाही. लोखंड सरळ कापलं, जोड पक्का मारला, गेट दहा पावसाळे खाऊन खाली वाकलं नाही, की झालं आपलं काम. डिझाइन हा माझा प्रांत नव्हे. तो पुस्तकाचा.

माझ्या बायकोने ते पुस्तक एकदाच हातात घेतलं होतं. चार पानं बघितली आणि म्हणाली, "ह्या सगळ्या घरांनी एकच मनीस रवता काय?"

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. जिवंतपणी कधी तोंडाने घेतलं नाही, आता कागदावर कशाला.

मी चौथी शिकलेला. गोव्यातल्या पाळी गावात खाणीच्या ट्रकांच्या बॉड्या जोडता जोडता वेल्डिंग शिकलो. ट्रक दगड वाहून वाहून फाटायचे आणि आम्ही ते शिवायचो. पुढे कारापूरला घराच्या बाजूला पत्र्याची शेड घातली आणि स्वतःचं काम सुरू केलं. बायको पेडण्याकडची. तिची शाळा माझ्याहून कमी, दुसरीपर्यंत. आम्हाला मूल झालं नाही. त्याची रडगाणी आम्ही गायली नाहीत, इथेही गाणार नाही.

तिने पहिलं चित्र काढलं ते भांडणातून. आमच्या वाड्यावर एक म्हातारा होता. अंगावरून वारं गेलेलं, दिवसभर जनेलापाशी बसायचा. जनेल म्हणजे खिडकी, पण आमच्याकडे खिडकी कोण म्हणतो. त्याच्या मुलाने पुस्तकातला मोराचा नंबर पसंत केला होता. मध्यभागी मोठा मोर, पिसारा चारही बाजूंना. मी माप घेऊन आलो, सळ्या कापल्या. बायको त्या घरी पेज पोचवायला गेली होती, ती येऊन शेडच्या तोंडाशी उभी राहिली.

"तुमचो मोर त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यार येतलो," ती म्हणाली.

"मगे? मोर बगूकच असता."

"पयल्या दिसा बगतलो. दुसऱ्या दिसापसून त्येका रस्तो दिसूचो नाय."

मी चिडलो. म्हटलं, "धंदो माजो काय तुजो?"

"धंदो तुमचो," ती म्हणाली, "म्हातारो गावाचो."

आणि गेली. थोड्या वेळाने बघतो तर अंगणात बसलीय. आमचं अंगण शेणाने सारवलेलं, काळपट हिरवं. तिने काठीच्या टोकाला चिंधी बांधली होती आणि चुन्याच्या पाण्यात बुडवून सारवणावर जनेलाचा चौकोन काढला होता, खऱ्या मापाचा. चौकोनात वरून खाली येणाऱ्या रेषा, वळत वळत, जशा साच्यातून ताटात पडलेल्या तांदळाच्या शिरवळ्या. आणि बसलेल्या माणसाचे डोळे जिथे येतात तिथे त्या रेषा बाजूला सरकलेल्या. मधे मोकळं.

मी म्हटलं, "लोखंड म्हणजे काय शिरवळी वाटली तुला? दहा एमएमची सळी इतकी वळत नाही." ती म्हणाली, कितकी वळता ती वळवून दाखवा. मी दाखवली. तिने पायाने एक रेष पुसली आणि थोडी सैल करून परत काढली. असं करत संध्याकाळ झाली. मी सळ्या त्या रेषांवर ठेवून बघायचो, वाकवायचो, परत ठेवायचो, आणि तिथेच अंगणात टाके मारून ग्रिल जोडलं. ठिणग्यांनी सारवणाला भोकं पडली म्हणून ती ओरडली ते वेगळं.

म्हाताऱ्याचा मुलगा ग्रिल बघून तोंड वाकडं करून गेला. मला सगळे मेस्त म्हणतात, म्हणजे मिस्त्री. महिन्याभराने तो रस्त्यात भेटला, तेव्हा म्हणाला, "मेस्त, बाबाक जेवूक ओडून व्हरचो पडता. जनेलाकडसून हालना."

तेव्हापासून पुस्तक कपाटावर गेलं. ज्याला नंबरच हवा त्याला मी नंबर देत राहिलो. पण ज्या कामाला वेळ होता तिथे ती आधी त्या घरी जाऊन यायची. काही विचारायची नाही. बसायची. चहा दिला तर प्यायची. घरातली माणसं कुठून येतात, कुठे टेकतात, पोरं कशावर चढतात, कुत्रं कुठून घुसतं, ते बघून यायची. मग अंगण सारवायची आणि सुकलं की चित्र काढायची. काम झालं की पुन्हा सारवण. चित्र गेलं. तिचं एकही चित्र कागदावर नाही. जे आहे ते लोखंडात आहे, लोकांच्या घरांना.

आजूबाजूच्या सगळ्यांनी अंगणात फरशा घातल्या. आम्ही घातल्या नाहीत. लोक म्हणायचे, मेस्त चिकट आहे. म्हणू देत.

आता जे लिहायचं ते जरा जड आहे. लोक विचारायचे, डिझाइन कुणाचं? ती आतून सांगायची, "ह्येंचाच." आणि मी गप्प बसायचो. वर्षानुवर्षं गप्प बसलो. मला वाटायचं, ती म्हणतेय ना. शिवाय हात माझे जळले आहेत, सळ्या मी वाकवल्या आहेत. ते खरंच होतं. पण अर्धं होतं.

खाणी बंद पडल्या तेव्हा ज्याला ज्याला वेल्डिंग येत होतं त्याने रस्त्याच्या कडेला दुकान टाकलं. कुणीतरी त्या म्हाताऱ्याच्या जनेलाचा मोबाइलवर फोटो काढला आणि वर्षभरात ते ग्रिल डिचोलीपर्यंत दिसायला लागलं. मधलं मोकळं भोक तसंच. एका घराच्या तर न्हाणीला लावलेलं बघितलं. मी तडक घरी आलो आणि तिला सांगितलं. ती हसायला लागली ती थांबेना, भिंतीला टेकून खाली बसली.

"न्हाणयेत कोण बसान बगतलो?" ती म्हणाली.

"हसतेस काय? चोरलं आपलं!"

"चोरूंदेत. भोक चोरल्यानी. म्हातारो थोडोच चोरल्यानी?"

मला काही हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी हुकूम काढला, अंगणातल्या चित्राचा फोटो कुणी काढायचा नाही. माझ्याकडे बेळगावकडचा एक गडी आहे, वीस वर्षं माझ्याबरोबर काम करतो, आता त्याचेही केस पिकले. त्याचा मोबाइल चांगला आहे. त्यालाही सक्त ताकीद. हा हुकूम माझा होता, तिचा नव्हे. हे मुद्दाम लिहितोय.

मये गावात तळ्याच्या बाजूला एक निवृत्त शिक्षिका राहतात, एकट्याच. मराठी शाळेत होत्या. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही. त्यांच्या घराचं लाकडी फाटक वाळवीने खाल्लं होतं, त्यांना लोखंडी गेट हवं होतं, दोन दारांचं. मी जाऊन माप घेऊन आलो. बायको दोनदा जाऊन बसून आली.

मग तिने चित्र काढलं. ते मी सांगतो, नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. डाव्या दाराच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यातून कमानी निघालेल्या. आधी लहान, मग मोठी, मग त्याहून मोठी. तळ्यात काठावरून खडा टाकला की लाटा जशा पसरत जातात तशा त्या मधल्या फटीकडे येत होत्या. आणि मधली फट ओलांडून उजव्या दारात जात होत्या. उजव्या दारात त्यांचं पुढे काय होत होतं, ते मी नीट बघितलं नाही.

का नाही बघितलं? कारण मी धंदेवाला. आधी डावं, मग उजवं. जे हातात आहे त्याच्याकडे बघायचं. शिवाय मी समोरच्या बाजूने काम करत होतो, चित्र मला उलटं दिसत होतं. तिने एकदा सांगितलं, "उजव्याची घाय करू नकात. थंय माका अजून एक बगूचा आसा." मी म्हटलं, बरं.

एक मात्र पक्कं माहीत होतं. तिच्या गेटाची दोन दारं कधीही एकसारखी नसायची. पहिल्यांदा मी विचारलं होतं तेव्हा म्हणाली होती, "दोनय सारकी केल्यार बगूक काय उरला?"

डावं दार टाके मारून उभं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढे पडली. डोक्यात रक्त साकळलं होतं. हॉस्पिटलात नेण्याआधी मी काय केलं असेल? अंगणातल्या उजव्या दाराच्या चित्रावर ताडपत्री घातली आणि चार दगड ठेवले. हाताची सवय. अर्धं काम उघडं टाकायचं नाही. आठ दिवस ती हॉस्पिटलात होती. बोलली नाही. नवव्या दिवशी गेली.

माणसं आली. अंगणात बसायला जागा हवी म्हणून कुणीतरी ताडपत्री काढून अंथरली. मी ते बघितलं आणि अडवलं नाही, कारण तेव्हा मला चित्र दिसतच नव्हतं. पायांखाली रेषा पुसट झाल्या, पण होत्या. त्यानंतरही मी येता-जाता ओलांडून जायचो, पाय पडू द्यायचो नाही. निदान मला तसं वाटत होतं.

सुतक फिटायच्या दिवशी मी क्रियेला नदीवर गेलो. परत आलो तर अंगण ओलं, नवंकोरं सारवलेलं, हाताच्या बोटांच्या अर्धगोल लाटा सगळीकडे सारख्या. पहिल्यांदा मनात काय आलं? किती सुंदर सारवलंय. खरंच तेच आलं. मग कळलं.

माझी मेहुणी, तिची धाकटी बहीण, पेडण्याहून आली होती. कोपरापर्यंत शेणाचे हात, घामाने न्हालेली. सुतकाचं घर शुद्ध करायचं तर अंगण सारवायलाच हवं, हे कुणी तिला सांगावं लागत नाही.

"बगा भावोजी, सगळा अंगण सारवन काडला," ती म्हणाली. "तायक असाच लागी."

"तिकडे चुन्याचं काही होतं..."

"होत्यो मगे रेगोट्यो! पाय पडान पडान घाण झालल्यो. सगळा पुसून घेतला." मग माझ्या तोंडाकडे बघून, "कित्या? काय जाला?"

"काय नाय," मी म्हटलं. "बरा केलंस."

काय सांगणार? तिने बहिणीसाठी जे करता येईल ते गुडघ्यावर बसून केलं होतं. मी शेडमध्ये गेलो आणि ग्राइंडर चालू केला. कापायला काही नव्हतं. नुसताच चालू ठेवला.

पुढचा दीड महिना डावं दार शेडच्या भिंतीला टेकून उभं होतं. बाईंचा निरोप आला, घाई नाही. पण मला घाई होती. ते तिचं शेवटचं काम. अर्धं राहिलं तर ते तिचं राहणार नाही, कुणाचंच राहणार नाही, भंगारात जाईल. आणि पुरं करायचं तर कसं?

गड्याला विचारलं, "तुला आठवतंय उजव्या दारात काय होतं?"

"आठवतंय की," तो लगेच म्हणाला. "मासा हुता."

"मासा? कुठला मासा?"

"असा, मालक. तोंड वर केल्याला."

"अरे, तू माझ्या बाजूने उभा होतास. तुला उलटं दिसत होतं."

तो विचारात पडला. "मग तोंड खाली असंल."

"मासा नव्हताच!"

"तुमाला काय दिसलं हुतं मग?"

त्याला निदान मासा दिसला होता.

शेवटी मी डिचोलीच्या कारखान्यांच्या भागात एका माणसाकडे गेलो. चाळिशीचा असेल, शिकलेला, कॉम्प्युटरवर डिझाइन करतो आणि मशीन पत्रा असा कापतं की कडेला हात लावला तर काच वाटावी. वागायला चांगला. काका काका म्हणून खुर्ची दिली. गड्याने डाव्या दाराचा फोटो काढून आणला होता. दार झालेलं, आता हुकूम कुणासाठी पाळायचा. त्या माणसाने फोटो कॉम्प्युटरमध्ये घातला, रेषा साफ केल्या आणि एक बटण दाबलं.

"झालं, काका. मिरर केलं. उजवं तयार."

डावं दार उलटं होऊन उजवीकडे बसलं होतं. कमानी मध्ये येऊन एकमेकींना भिडल्या होत्या, एकात एक गोल. खोटं कशाला बोलू, दिसायला झकास होतं. लोक फोटो काढतील असं. पण लाट कुठे जातच नव्हती. बैलगाडीचं चाक झालं होतं.

"हे तिचं नव्हे," मी म्हटलं.

"तिचंच आहे की काका. डावं ओरिजिनल, उजवं त्याचंच उलटं."

"तुमचं लग्न झालंय?"

"झालंय."

"बायको म्हणजे तुम्हालाच उलटं करून ठेवलंय का?"

तो मोठ्याने हसला. मग हसू आवरून खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "काका, मी काहीही काढून देतो. तुम्ही फक्त सांगा, उजव्यात काय हवं."

तिथे मी अडकलो. तो आपल्या कामात पक्का होता. सांगाल ते काढीन. मीही तसाच की. आयुष्यभर सांगाल ते करीन. आणि जी सांगत होती ती नव्हती. आम्ही दोघे तयारीचे धंदेवाले त्या थंड खोलीत स्क्रीनकडे बघत बसलो होतो आणि दोघांपैकी एकाकडेही सांगायला काही नव्हतं. मी त्याचे आभार मानले आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली आणि मयेला गेलो. बाई बाल्कावात, म्हणजे दारापुढच्या बाकांच्या ओसरीत, पेपर वाचत होत्या.

"मेस्त? गेट झालं?"

"नाही. मी जरा बसायला आलोय."

"कसलं काम आहे?"

"काम काही नाही. माझी बायको येऊन बसायची, तसा."

बाईंनी पेपर घडी करून ठेवला. म्हणाल्या, "ती बोलायची नाही फारसं. मला वाटायचं, माझ्या चहासाठी येते."

"तिने काही विचारलं होतं? गेटाबद्दल?"

"आठवत नाही. त्या मोडक्या फाटकाला हात लावून बघायची, एवढं आठवतं."

पहिल्या दिवशी मला काय दिसलं, सांगू? गंज. बिजागऱ्या. खांबाचं प्लास्टर सुटलंय. म्हणजे मला जे कुठेही दिसतं तेच. नुसतं बसणं किती कठीण आहे ते मला ह्या वयात कळलं. हात काम मागतात. पायावर पाय टाकून बसलो तर पाय हलतो. बाई दोनदा म्हणाल्या, मेस्त, तुम्हाला बरं नाही का? ती हे कसं करायची कोण जाणे. मी तिला कित्येकदा म्हटलं होतं, बसून तर आलीस, काम काय केलंस?

तिसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. पोदेराचा भोंगा वाजला. पोदेर म्हणजे आमचा पाववाला, सायकलवर टोपली बांधून येतो. बाई परडी घेऊन बाल्कावाच्या तीन पायऱ्या उतरल्या. त्यांचा गुडघा दुखतो, एकेक पायरी बाजूने उतरावी लागते. फाटकाशी गेल्या, काठी भिंतीला टेकवली, कडी काढली, उजवं दार आत ओढलं. त्या क्षणी समोरच्या घरचं कुत्रं आत घुसलं. बाई ओरडल्या, "चल, हाड! रोज रोज काय रे!" पोदेर सायकल धरून उभा. बाईंनी उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले, परडी काखेत, काठी हातात, कुत्रं पायांत, आणि दार लावायला तिसरा हात नाही.

"हे रोजचं?" मी विचारलं.

"रोजचं. कुत्रं आणि मी, दोघांचा व्यायाम."

मी त्या दिवशी चहा न पिताच निघालो.

वाटेत एकच गोष्ट डोक्यात होती. लाटा उजव्या दारात शिरतात. शिरू देत. पण मधल्या दोन लाटा एका जागी फाकतात, कोपराच्या उंचीवर, इतक्या की बाईंचा हात उंड्यांसकट आत-बाहेर जाईल आणि कुत्र्याची उडी तिथवर पोचणार नाही. दार उघडायचं कारणच नाही. मग त्या लाटा परत जवळ येतात, सपाट होत जातात, आणि बिजागरीपाशी पोचेपर्यंत सरळ आडव्या सळ्या होतात. तळ्याचं पाणी शांत होतं तसं.

तिच्या मनात हेच होतं का? मला माहीत नाही. कळल्याचं सोंग मी करणार नाही. तिला जे अजून एक बघायचं होतं ते कदाचित पोदेर असेल, कदाचित तिसरंच काही.

अंगण मी स्वतः सारवलं. गडी बघत उभा राहिला. "मालक, हे सारवण नव्हं, पोतेरं झालं," म्हणाला. गप्प बस म्हटलं आणि चुना कालवला. काठीला चिंधी बांधली. डावं दार जमिनीवर आडवं ठेवलं आणि त्याच्या शेजारून माझी पहिली रेष काढली. वाकडी आली. पायाने पुसली. सत्तरी ओलांडलेला माणूस अंगणात ओणवा होऊन रेघोट्या मारतोय, रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. एकाने विचारलंही, "मेस्ता, लहान जालो काय रे?" म्हटलं, जालों. चौथ्या वेळेला रेषा डाव्या दाराशी जुळल्या. त्या वेळी मी उलट्या बाजूने बघत नव्हतो, जिथे ती बसायची तिथे बसलो होतो.

एका ठिकाणी मात्र मी माझा धंदा सोडला नाही. डावं दार दहाच्या सळीचं आहे. उजव्यात फट ठेवली की तिथे दार कमजोर होतं, म्हणून मी बाराची सळी घेतली. ती असती तर भांडली असती. मीही भांडलो असतो.

गेट बसवलं त्या दिवशी बाई पायऱ्यांवर उभ्या राहून बघत होत्या. दोन्ही दारं खांबांवर चढवली, लावून बघितली. कमानी फटीवर एकमेकींना अशा मिळाल्या की बोट फिरवलं तर लागू नये. असा जोड मी आयुष्यात मारलेला नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. बाई खाली आल्या. डाव्या दारावरून हात फिरवला, मग उजव्यावरून. मग उजव्या दारातल्या फटीतून हात बाहेर घातला, पालथा केला, सुलटा केला, आत घेतला.

"डावं तिचं," त्या म्हणाल्या. "उजवं तुमचं."

"कसं ओळखलंत?"

"जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या. मधेच दुसऱ्याने लिहिलं की कळतं." मग म्हणाल्या, "उजवं जरा जड आहे."

"आहे. बाराची सळी आहे. फट ठेवली तिथे ताकद लागते."

"मी वाईट नाही म्हटलं, मेस्त. जड म्हटलं."

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. माझ्या कामाला लोकांनी पक्कं म्हटलं, सरळ म्हटलं, वेळेवर म्हटलं. पण हे तुमचं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि तिचं तिचं राहिलं होतं. माझ्या हाताने तिचं झाकलं गेलं नव्हतं. एवढंच मला हवं होतं, दीड महिना त्याच भीतीत काढला होता.

आम्ही आवराआवर करत होतो तेव्हा बाईंच्या शेजारचा गृहस्थ बाहेर आला. रस्त्यावर उभा राहून, मान तिरकी करून गेट बघत राहिला.

"डिझाइन कुणाचं, मेस्त?"

एरवी घरी आतून तिचं "ह्येंचाच" यायचं, आता ते येणार नव्हतं. मी हातोडा खाली ठेवला.

"डावं माझ्या बायकोचं," मी म्हटलं. "उजवं माझं. आणि ह्याच्या आधीची जितकी चांगली तुम्ही बघितली असतील, ती सगळी तिची."

"बायको काम करायची तुमच्याकडे?"

"नाही हो," मी म्हटलं. "मी तिच्याकडे कामाला होतो."

तो हसला. त्याला मस्करी वाटली. गड्याला वाटली नाही, तो वळून हत्यारं मोजायला लागला. मी बिजागऱ्यांना तेल घातलं, दारं दोन वेळा उघडून लावून बघितली. आवाज नाही. मग स्कूटरला किक मारली.